टोपी उतरवून काढलेला फोटो

सकाळी दोन पोलीस आमच्या शहापूरच्या बोळात आले तेव्हा माझे वडील, आप्पा, उंबऱ्यावर चहा पीत बसले होते. सारा जन्म त्यांनी हातमागावर साड्या विणल्या. पोलिसांनी आधार कार्ड मागितलं. पेन्शनसाठी माणूस जिवंत आहे का ते बघायला आले असतील, असं वाटून आप्पा हरखले. आत जाऊन धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले.

त्यातल्या तरुण पोलिसानं मोबाईलवर आधी कार्डाचा फोटो घेतला, मग आप्पांचा. समोरून, डावीकडून, उजवीकडून. मग म्हणाला, "आप्पा, टोपी काढा की."

आप्पांनी टोपी काढली. सगळा बोळ बघत होता.

"कशासाठी हे?" मी विचारलं.

"सीमाभागाची सभा हाय न्हवं पुढल्या आठवड्यात? जाणाऱ्यांची माहिती ठेवायला वरनं सांगितलंय." तोही मराठीच बोलत होता, खाली बघत.

आप्पा त्या सभांना वर्षानुवर्षं जायचे. मागं बसून ऐकायचे, घरी यायचे, एवढंच. पोलीस वळताच मी घाईनं दार लोटलं. शेजाऱ्यांच्या नजरा मला सोसेनात.

"दार का लावतीस गं?" आप्पा म्हणाले. "मी चोरी केलीया व्हय?"



दुपारी ते हट्टानं पोलीस ठाण्यात निघाले. मी सोबत गेले. आपला फोटो कुठं ठेवलाय, कोण कोण बघणार, असं त्यांनी साहेबांना कन्नडमध्ये विचारलं. साहेबांनी सरळ सांगितलं, तो कॉम्प्युटरमध्ये गेला, आता आमच्याही हातात नाही.

"मग टोपी घालून दुसरा तरी काढा," आप्पा म्हणाले. "बोडक्या डोक्याचा नगं."

साहेब हसले. ठाण्यातले बाकीचेही हसले. मी आप्पांची बाही ओढत "चला, चला" म्हणत राहिले. मी नोकरी करते त्या बँकेतलं कुणी ओळखीचं इथं भेटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सभेला आप्पा गेलेच. मीही गेले. कोपऱ्यावर एकजण मोबाईलवर येणाऱ्याजाणाऱ्यांचं शूटिंग करत होता. त्याला बघून मी नकळत पदर तोंडावर ओढला. आप्पांनी ते पाहिलं. मान वर करून त्या मोबाईलसमोरनं सावकाश चालत गेले, आणि मी तशीच, तोंड झाकून, त्यांच्या मागनं.