बाबांच्या उंचीचे मासे

माझे बाबा माझ्याकडे यायचे ते परतीचं तिकीट खिशात ठेवूनच. पुलगावला रेल्वेलाइनजवळ आमचं छोटंसं घर होतं. मी एकुलती एक, आणि आई गेल्यावर त्या घरात त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. तरी लेकीच्या घरी राहायचं म्हणजे चार लोक काय म्हणतील, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हे चार लोक कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. मी भांडून पाहिलं, रुसून पाहिलं. भांडण्यात मी कमी नाही, पण हा हट्ट मला ज्यांच्याकडून मिळाला त्यांच्याकडे तो दुप्पट शिल्लक होता.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि इथे आमच्या ऑफिसची शाखा निघाली तेव्हा मी नागपूरहून आले. नवऱ्याला सिलतऱ्याच्या कारखान्यात काम मिळालं. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा शर्टाची कॉलर काळी झालेली असायची. चौबे कॉलोनीत तळमजल्यावरचं घर भाड्याने मिळालं आणि त्यात मी माझी लहानपणापासूनची हौस पुरी केली. तीन फुटांची काचेची टाकी, लोखंडी स्टँड, वर दिव्याचं झाकण. नवरा म्हणाला, आधी फ्रिज घेऊ. मी आधी टाकी घेतली.

त्या वर्षी आई गेली आणि हिवाळ्यात बाबांना मी जवळजवळ ओढूनच आणलं. पाडवा झाला की जाईन, हे त्यांनी स्टेशनवरच सांगून टाकलं.

बाबा रेल्वेत रूळ तपासायच्या कामावर होते. हाताखाली दहा-बारा माणसांची गँग, आणि जन्मभर रोज काही मैल मान खाली घालून चालायचं. निवृत्त होईपर्यंत पाठीला बाक आला तो आलाच. मान वर होईना. समोरच्याशी बोलताना ते त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या गुंडीशी बोलायचे. पण डोळे तेज होते, आणि काम नसलं की ते चिडचिड करायचे.

माझ्या टाकीत दुकानातले निळे-गुलाबी गोल खडे होते आणि त्यात लावलेली झाडं रोज उपटून वर तरंगायची. बाबांनी ते दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला सुनावलं की गोल दगड कधी एकमेकांना धरून बसत नाहीत. रुळाखाली कोणी गोल गोटे टाकतं का? धारेची, फुटलेली गिट्टी लागते. मग त्यांनी रस्त्याच्या कामावरून बारीक गिट्टी मागून आणली, एकेक खडा निवडला, सात पाण्यांनी धुतला आणि टाकीत ती गिट्टी मागे उंच, पुढे उतरती अशी अंथरली. झाडं त्यानंतर हलली नाहीत. आई गेल्यापासून त्यांनी कशात मन घातलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला.

त्यानंतर बाबा रोज टाकीसमोर बुटक्या वेताच्या खुर्चीत बसू लागले. सकाळचा चहा तिथे, पेपर तिथे. मी ऑफिसात सांगायचे, माझ्या वडिलांना मासे फार आवडतात.

एका रविवारी त्यांच्या खुर्चीखाली माझ्या कानातल्याची फिरकी पडली. ती शोधायला मी जमिनीवर बसले आणि सहज त्यांच्या शेजारून टाकीकडे पाहिलं. त्यांची मान जितकी खाली होती तितकीच मीही माझी खाली घातली. समोर फक्त गिट्टी होती. गप्पी वर, एंजल मधे, निऑनचा थवा त्याहून थोडा खाली, पण तळात काहीच नाही. ही टाकी मी माझ्या उंचीने भरली होती. दीड महिना माझे बाबा रिकामे दगड पाहत बसले होते आणि मी लोकांना सांगत होते की त्यांना मासे आवडतात. मला स्वतःचा संताप आला. मी त्यांना विचारलं, तुम्ही सांगितलं काहून नाही?

“काय सांगायचं,” ते म्हणाले. “गिट्टी बरोबर बसली का, ते पाहून राहिलो.”

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. तळाला राहणारे मासे हवे होते, आणि तेही दिवसा हिंडणारे, लहान, गरीब स्वभावाचे. माझा हिशेब सरळ होता. बाबांना या घरात पाहायला काहीतरी मिळालं, तर पाडवा झाल्यावर जायचा विषय कदाचित मागे पडेल.

पंडरीकडे जाताना एक माशांचं दुकान लागायचं. दुकानदार भला माणूस, पण त्याला विकायची घाई फार. त्याने आधी सकर दाखवला, काचेला तोंड चिकटवून बसणारा. “दीदी, टंकी साफ रखेगा,” म्हणाला. मी विचारलं, वाढतो केवढा? त्याने हात पसरले ते माझ्या टाकीच्या निम्म्याएवढे. तो राहू दिला. नवऱ्याने सुचवलं की बाजारातून जिवंत सिंगी आणू, ती तळालाच असते. सिंगीने आठवड्यात सगळ्या गप्पी गिळल्या असत्या आणि वर मला काटा मारला असता. हे मी नवऱ्याला जरा जास्तच आवाज चढवून सांगितलं.

मग मी लोच जातीच्या दोन मासोळ्या आणल्या, बोटभर लांब, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, फार देखण्या. पिशवीतून सुटल्या त्या सरळ गिट्टीत शिरल्या. बाबा आठ दिवस खुर्चीत बसून वाट पाहत होते. नवव्या दिवशी मला म्हणाले, तुझी मालगाडी बोगद्यात गेली, बाहेर येऊन नाही राहिली. त्यानंतर त्या लोच आम्हाला दिसल्याच नाहीत.

शेवटी दुकानाच्या कोपऱ्यातल्या एका मळकट टाकीत मला कोरी नावाच्या मासोळ्या सापडल्या. दीड-दोन इंचांच्या, पितळी रंगाच्या, तोंडाला बारीक मिशा. दिसायला अगदी साध्या, म्हणून दुकानदाराने मागे ठेवलेल्या. पण मी अर्धा तास उकिडवी बसून पाहिलं. दिवसाढवळ्या त्या तळावरून नाक खुपसत फिरत होत्या, कोणाच्या वाटेला जात नव्हत्या, आणि एक निघाली की बाकीच्या तिच्या मागे. मी सहा घेतल्या, कारण एकट्या-दुकट्या त्या कोमेजतात.

बाबांना त्या आवडल्या हे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पेपर मागणं सोडलं. सहाजणी टाकीच्या एका टोकापासून निघायच्या, मान खाली, एकेक दगड चाचपत दुसऱ्या टोकाला जायच्या आणि तशाच परत यायच्या. आमची गँग अशीच चालायची, बाबा म्हणाले. मी ऑफिसातून आले की ते मला दिवसभराचा वृत्तांत द्यायचे, आज कोण पुढे होतं, कोण मागे रेंगाळलं. नवराही कपडे न बदलता ऐकत उभा राहायचा. मी मनातल्या मनात तिकीट फाडून टाकलं होतं.

पाडव्याला दहा दिवस असताना बाबा एकदम गप्प झाले. जेवण निम्म्यावर आलं. मी ऑफिसातून आले तर ट्रंक कॉटवर उघडी आणि त्यात धोतरं रचलेली. मी कारण विचारलं तर त्यांनी नुसतं टाकीकडे बोट केलं. मी खाली बसले. मला काही दिसेना. मग त्यांनी स्वतःचा पेपर वाचायचा चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर ठेवला. तेव्हा दिसलं की कोरींच्या मिशा झिजल्या होत्या, दोघींच्या तर अगदी खुंटापर्यंत. दिवसभर धारेच्या दगडांत तोंड घासून दुसरं काय होणार होतं? मी उभ्या उंचीने पाहणारी, मला हे जन्मात कळलं नसतं.

“माह्या गिट्टीनं केलं हे,” बाबा म्हणाले. “लेकीच्या घरी येऊन एक काम केलं, तेही जिवावर उठलं. मले जाऊ दे.”

मला रडू आलं आणि रागही आला. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी मला कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, “जा. पण बिघडवलं तुम्ही, तर नीटही तुम्हीच करून द्या. मले गिट्टीतलं काही समजत नाही.”

त्यांनी माझ्या तिसऱ्या गुंडीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “रेती कुठं भेटते इकडे?”

त्या काळात रायपुरात रेती शोधावी लागत नव्हती. दर दोन घरांआड बांधकाम चालू होतं आणि रस्त्यावर रेतीचे ढीग पडलेले असायचे. समोरच्या प्लॉटवरच्या मालकाला विचारून आम्ही दोन घमेली आणली. बाबांनी माझी पिठाची चाळणी घेतली. चाळलेली रेती चिमटीत धरून ते मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते तिथे, घासून पाहायचे. टोचली की फेकायची. गच्चीवर दोन दिवस धुणं चाललं, पाणी नितळ होईपर्यंत. मासे बादल्यांत काढून ठेवले, बाबांनी आपली गिट्टी स्वतःच्या हाताने ओंजळ-ओंजळ बाहेर काढली आणि रेती अंथरली. दोन्ही लोच गिट्टीखाली सापडल्या, धडधाकट आणि चांगल्या लठ्ठ. बाबा त्या दिवशी आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले.

“मिशा येतीन का परत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुकानदार म्हणतो येतात, पण वेळ लागतो.

“मंग येऊ दे,” ते म्हणाले. “काम अर्धं टाकून जाता येत नाही. पूर्ण झाल्या की जाईन.” तिकीट नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी परत केलं.

उन्हाळ्यात कूलर आम्ही टाकीकडे तोंड करून लावला आणि स्वतः घामाघूम झालो. पाऊस आला, गेला. पुलगावच्या शेजाऱ्यांचा फोन आला की बाबा सांगायचे, इकडे जरा काम अडकलं हाये. कसलं काम ते सांगायचे नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत मी टाकीची काच पुसायला जमिनीवर बसले. सहाजणी रेतीत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून आल्या आणि काचेशी थांबल्या. मी नीट पाहिलं, एकेकीचं पाहिलं. सगळ्यांच्या मिशा पूर्ण आल्या होत्या, लांब आणि सारख्या.

मागून बाबांचा आवाज आला. “एकीची अजून आखूड हाये.”

ते माझ्याकडे पाहत नव्हते, रेतीकडे पाहत होते. मी काच पुसत राहिले.

“हव बाबा,” मी म्हटलं. “अजून वेळ लागेल.”

त्यानंतर ते चार वर्षं माझ्याकडे राहिले, आणि त्या एकीची मिशी शेवटपर्यंत आखूडच राहिली.