जिभेखालची गोळी आणि अण्णासाहेब

डॉ. अण्णासाहेब वाठोडकर यांना मी प्रथम पाहिले ते अकोल्याच्या जुन्या शहरातील त्यांच्या दवाखान्यात. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. मोर्णेकाठच्या मळ्यातून भाजीची टोपली बाजारात नेताना बाबांच्या छातीत कळ येई, म्हणून आई आणि मी त्यांना घेऊन गेलो होतो. अण्णासाहेबांनी काचेची छोटी बाटली दिली. कळ आली की बसायचे, एक गोळी जिभेखाली धरायची, गिळायची नाही.

“येवढीशी गोळी, साहेब? मिऱ्यापेक्षा बी लहान,” बाबा हसले.

“मिऱ्यासारखीच चुरचुरेल.”

सुरुंगाच्या दारूतलेच द्रव्य हिच्यात असते, असेही ते म्हणाले. मग ते छातीत काय करते, असे मी विचारले. “रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाचा भार हलका होतो. त्या का सैल पडतात, ते अजून कोणालाच नीट कळलेले नाही. तू शीक आणि शोध.” माळ्याच्या मुलीला असे खरे उत्तर देणारी माणसे मला पुढे फार भेटली नाहीत.

बाबांना गुण आला. पण मळ्यात काच फुटेल, म्हणून त्यांनी गोळ्या चंचीत, सुपारी-कातासोबत ठेवल्या. आमच्याकडे जपायची वस्तू चंचीतच जाते. काही आठवड्यांनी म्हणाले, “आता चुरचुरत नाही. जिभेले सवय झाली.” आम्हांला बरेच वाटले. पुढे एका सकाळी बाजारात कळ आली. त्यांनी एकामागून एक गोळ्या जिभेखाली धरल्या, आणि टोपलीजवळच ते गेले.

अण्णासाहेब घरी आले. चंचीतली गोळी त्यांनी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिली. मग जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, “यातले औषध उडून गेले होते. बाटलीतून काढू नका, हे मी सांगितले नाही. चूक माझी.”

“तुमी कावून दोष घेता, साहेब? नशीब आमचं,” काका म्हणाले.

“नशिबावर ढकलू नका. सांगणे माझे काम होते.”

तेव्हापासून ही गोळी देताना अण्णासाहेब आधी रोग्याला चंची उघडायला लावतात. गोळ्या बाटलीतच ठेवीन, बूच घट्ट लावीन, चुरचुरणे थांबले की नव्या नेईन, असे त्याच्याकडून वदवून घेतात. बाहेर बसलेल्या बायका हसतात, “डॉक्टर आता सुपारी मांगून राह्यले व माय.” हिवरखेडच्या एका म्हाताऱ्याची बाटली पाहायला ते स्वतः बसने गेले होते.

काकांनी माझे लग्न काढले, तेव्हा अण्णासाहेबांनीच दवाखान्यात बोलावून त्यांची समजूत घातली. अमरावतीच्या कॉलेजातून मी विज्ञानाची पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिलीच. पेढे घेऊन गेले, तर त्यांनी विचारले, “त्या रक्तवाहिन्यांचे काही कळले?” मी नाही म्हटले. “मलाही नाही,” म्हणाले, आणि पेढा हातात धरून बसून राहिले.

बाबा गेले त्या दिवसानंतर मात्र ते आमची पायरी चढलेले नाहीत. दारासमोर त्यांची सायकल हळू होते आणि पुढे जाते. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी मी लिहिते आहे हे कळल्यावर आई म्हणाली, “साठीचे झाले न ते? मंग लिही, आमचा राग कदीच नवता. आता तरी सायकलवरून उतरा म्हणावं.”

अण्णासाहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आपणा सर्वांचीच इच्छा आहे. त्या आयुष्यातली एक संध्याकाळ त्यांनी आमच्या ओट्यावर, आईच्या हातचा चहा घेत घालवावी, एवढे माझे वेगळे मागणे.