नकाशावर हलवलेला थांबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे—सांगितलंय तसं, दर गणपतीत, जेवणं झाल्यावर, नकला करून. पण त्या गोष्टीत गुन्हेगार दुसराच असतो.

मी दिल्लीत आर. के. पुरमला राहतो आणि मानेसरच्या एका कारखान्यात कर्मचाऱ्यांच्या बस सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर स्क्रीनकडे बघत चहा पितो. प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरसमोर टॅबलेट आहे. नकाशावर प्रत्येक थांब्याभोवती एक गोल. बस त्या गोलात थांबली की नोंद होते आणि पुढच्या थांब्यावरच्यांना मोबाइलवर कळतं, बस किती मिनिटांत येईल. बिल्कुल चोख काम. मीच बसवलं, मीच मिरवलं.

आता—कसं सांगू? आमचा थांबा घरापासून चारेकशे पावलांवर. माझा गुडघा दुखायचा. म्हणजे, आठवण आली तर दुखायचा. एक दिवस ऑफिसात बसून मी तो गोल उचलला आणि आमच्या गेटसमोर ठेवला. टॅबलेट सांगेल तिथे बस थांबेल, असं वाटलं. एका बोटाने दिल्लीतला थांबा हलवला—केवढा रुबाब!

आमचे ड्रायव्हर धरमपालजी मात्र जिथे माणसं उभी असायची तिथेच थांबत राहिले. मीही मुकाट चालत जाऊन तिथेच चढत राहिलो, आणि गोल परत न्यायचा विसरलो. इथवर खरंच विसरलो.

महिनाअखेरीस रिपोर्ट आला: आर. के. पुरमचा थांबा रोज चुकवला. बघताक्षणी कळलं ना मला! एक वाक्य पुरलं असतं. पण मग गोल कुणी हलवला, हा प्रश्न आलाच असता. बसच्या कंत्राटदाराने फोन केला तेव्हा मी म्हणालो, "सिस्टम में तो यही दिख रहा है."

त्याने धरमपालजींना काढलं. त्याच दुपारी मी गोल जागेवर नेला. नव्या ड्रायव्हरचा रिपोर्ट स्वच्छ आला. तो साहेबांना दाखवून मी शाबासकीही घेतली. घरी मग कामचुकार ड्रायव्हर मशीनने कसा पकडला, ही गोष्ट रंगवली. मेधा, माझी बायको, दरवेळी म्हणते, "यांच्यापुढे कुणाची लबाडी टिकत नाही हं!" आणि सगळे हसतात. मीही.

एवढंच गोष्टीत कधी येत नाही—जाण्याआधी धरमपालजी माझ्या टेबलापाशी आले होते. भांडायला नाही. त्यांनी विचारलं, "साहब, आप तो रोज़ वहीं से चढ़ते हो. गाड़ी रुकती थी ना?"

मी म्हणालो, "मैं तो फ़ोन में लगा रहता हूँ, धरमपालजी. ध्यान नहीं दिया."

"अच्छा जी," ते म्हणाले. खिशातून टॅबलेटचा चार्जर काढला, वायर नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला—कंपनीचा होता ना—आणि गेले.