मीठ राहिलं

"मीठ कुठंय?"

"राहिलं."

"राहिलं म्हणजे? मीठ आणायलाच गेला होतात ना?"

"अगं, पण अंतरा झाला!"

"मग भाजीत अंतरा घालू का चिमूटभर? तुमच्या गाण्यात मीठ आहे म्हणून माझं रांधणं अळणी!"

पातेलं आपटल्याचा आवाज आला. आतल्या खोलीत उशीला अभ्रा चढवणारी सून जागच्या जागी थिजली. घरात नवीनच आलेली ती. तिला वाटलं, झालं, आता सासरे घर सोडून जाणार. कान टवकारून बसली, तर सासूबाईंचा आवाज एकदम खाली आलेला, "बरं, म्हणा बघू, काय झालं ते." आणि बुवा गाऊ लागले.

थोड्या वेळानं सून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. फळीवर मिठाची बरणी होती. काठोकाठ भरलेली. सून बरणीकडे बघत राहिली, पण नव्या सुनेनं फार प्रश्न विचारू नयेत, म्हणून तोंडात गुळणी धरली.

सासरे बंदिशी बांधायचे. सगळे त्यांना बुवा म्हणत. बाहेरच्या खोलीत शिकवण्या चालत, त्यावर घर चाले. बंदिशी मात्र घरात बोलतो त्या भाषेत बांधायचे, आणि मोठमोठ्या गवयांना ते रुचत नसे. एकदा एक जण नाक मुरडून म्हणाला, "बुवा, रागात कडी-कोयंडा घातलात, उद्या केरसुणी घालाल!"

"घालीन की," बुवा म्हणाले. "सुरात बसली तर तिचंही भाग्य उजळेल."

पेटी पुढ्यात ओढून बसले की त्यांना काही सुचायचं नाही. पेटीवर चष्मा ठेवायचे, पानदानासारखी ती जवळ असायची इतकंच. "चालल्याशिवाय चाल येत नाही," असं म्हणायचे. पिशवी काखेत मारून रस्त्याला लागले की ओठ हलू लागायचे, आणि परत येईपर्यंत पिशवी रिकामी, तोंड भरलेलं.

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा औषधाच्या दुकानातून येता येता त्यांना एक ओळ सुचली, 'दार लोटले, कडी न घातली'. अस्थाई झाली. औषध तेवढं बरोबर आणलं, म्हणून सासूबाईच हसल्या होत्या. अंतरा व्हायच्या आत त्या गेल्या.

त्यानंतर बुवांना काही सुचेना. शिकवताना ती अस्थाई म्हणायचे, शेवटाला आले की हात गुडघ्यावर ठेवून थांबायचे. शिकणारेही तिथंच थांबायचे. डॉक्टरनं सांगितलं, हृदय दमलंय. दम तर दिसतच होता, अस्थाई म्हणतानाही मध्ये श्वास घ्यावा लागे.

"अर्धी बंदिश म्हणजे एकाच पायातली चप्पल," ते एकदा सुनेला म्हणाले. "फेकवत नाही, घालवत नाही. तुझ्या सासूला अर्धंच ऐकवलं गं मी. आता ते तसंच राहणार."

हे सुनेच्या काळजाला लागलं. ती त्यांना रोज फिरायला पाठवू लागली. ते कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत यायचे, कोरडे ठणठणीत.

मग एक दिवस ती स्वतः मीठ आणायला गेली. दुकानदार डोळे विस्फारून म्हणाला, "बुवांच्या घरातलं मीठ संपलं? खरोखरचं?"

"का हो? आम्ही काय मीठ खात नाही?"

"तसं नाही वहिनी. तुमच्या सासूबाईंनी मला दम देऊन ठेवला होता. बुवा गुणगुणत आले तर काय पाहिजे म्हणून विचारायचं नाही. उभे राहतील, जातील. आणि गप्प आले, तर मुकाट मीठ द्यायचं." खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं असतात, हा बिचारा न विकलेल्या मिठाला जागला होता.

सुनेला ती भरलेली बरणी आठवली. माणसाला नुसतं फिरायला पाठवून भागत नाही, विसरायला काहीतरी काम द्यावं लागतं.

"मामंजी, मीठ संपलंय," दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली.

बुवा गेले आणि मीठ घेऊन आले. सुनेचं तोंड पडलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा मीठ आलं. घरात कुणी बरोबर सामान आणलं म्हणून रडू फुटणारी बाई जगात ती एकटीच असेल. बरणी भरली, डबे भरले, साखरेच्या डब्यातही मीठ गेलं. तिच्या नवऱ्यानं चहाचा घोट घेतला आणि तो बेसिनकडे धावला. "म्हैस आणायचीय का चाटायला?" तो ओरडला. तरी ती पाठवतच राहिली.

एके दिवशी संध्याकाळी बुवा पायात चपला सरकवता सरकवता थबकले. "संपलं म्हणतेस?"

"हो, मामंजी."

"मग संपलंच असेल," ते म्हणाले. डोळ्यांत जरासं हसू होतं. "तुझी सासूही खोटं बोलत नसे."

दुकानदारानं मागाहून सांगितलं, बुवा पोत्यांपाशी उभे होते, रिकाम्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत. "मी आपला मिठाची गुळणी धरून उभा. गिऱ्हाइकं मागं खोळंबली, पण बोललो नाही."

त्यानंतर बुवांना कुठं पाठवायची वेळ आलीच नाही. दोन-तीन दिवसांत ते झोपेतच गेले. पण त्या संध्याकाळी सुनेला आधी चपला ऐकू आल्या, मग आवाज. दारातूनच ते गात आले, 'पाऊल ओळखी उंबरठा, हाक कशाला मारू'. बाहेरच्या खोलीत शिकवणीला आलेली एक शिंपीण तंबोरा लावत बसली होती, ती लगेच मागोमाग म्हणू लागली. बुवांनी तिच्याकडून घोटून घेतलं, तिचा एक सूर चढला तर मान हलवून परत म्हणायला लावलं, आणि अस्थाईवर अलगद येऊन थांबले. यावेळी हात गुडघ्यावर गेला नाही.

सुनेनं पदरानं डोळे पुसले. मग कमरेवर हात ठेवून, सासूबाई विचारायच्या अगदी तशीच, म्हणाली, "आणि मीठ?"

"राहिलं," बुवा म्हणाले, आणि रिकामी पिशवी घडी करून त्यांनी खुंटीला अडकवली.