एका वेळी एकच दारं

आमच्या घरी पाणी देण्याचा कायदा वडिलांचा होता: एका वेळी एकच दारं उघडायचं. रहिमतपूरजवळच्या आमच्या मळ्यात वडील मोट हाकायचे आणि आई दारं धरायची, म्हणजे एक वाफा भिजला की खोऱ्याने माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. चुकून दोन उघडी राहिली की मोटेवरून आरोळी यायची, "आगं, दोन्हीकडं नुसतं वलं व्हईल, भिजणार कायबी न्हाई!"

हाच कायदा त्यांनी आम्हा दोघा भावांना लावला. मला आधी हायस्कुलात, मग सांगलीला कॉलेजात पाठवलं आणि धाकट्याला मराठी चौथीनंतर इंग्रजी शाळेत घालायचं सोडून मळ्यात ठेवलं. "थोरल्याचं शिक्षान हुंदे, मग तुजी पाळी." मी इंटरला नापास झालो असतो तर त्याची पाळी आणखी लांबली असती. मी सुटीत गेलो की तो माझी पुस्तकं चाळायचा, चित्रं बघून ठेवून द्यायचा. मला त्या कायद्याचा मनस्वी संताप यायचा, पण वडिलांपुढे बोलायची छाती नव्हती.

लढाईचे दिवस होते, कॉलेजात साध्या तारेचीही टंचाई. इंटरच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझ्या वाट्याला तारेची दोन वेटोळी समांतर जोडण्याचा प्रयोग आला. दोन्हींवरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सारखाच असतो. सेलमधून निघालेला प्रवाह मात्र दोघांत वाटला जातो. प्रत्येकातला प्रवाह मोजून बेरीज केली की ती एकूण प्रवाहाइतकी यायला हवी. इतकं सरळ आहे की चुकायला जागा नाही. मी ती शोधून काढली.

प्रत्येक वेटोळ्याला वेगळी किल्ली होती; लावली की प्रवाह सुरू, काढली की बंद. पहिल्यातला प्रवाह मोजताना मी दुसऱ्याची किल्ली काढून ठेवली, मग दुसरी लावून पहिली काढली. हात आपसूक तसाच चालला. शेवटी दोन्ही लावून एकूण प्रवाह घेतला, तर बेरीज त्याहून जास्त! पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. शेजारचा कुजबुजला, "जुळवून लिव की गड्या." समोर अ‍ॅमीटर होता आणि मला दिसत होता धाकटा, मोटेच्या बैलांमागे.

एवढ्यात परीक्षक येऊन उभे राहिले. आकडे बघून म्हणाले, "आडात नाही, मग पोहऱ्यात आलं कुठून? एकेक वेटोळं सुटं का मोजलंत?"

"आमच्याकडं पाणी असंच देतात, सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

ते हसले, पण टिंगल केली नाही. एक किल्ली लावून त्यांनी मला व्होल्टमीटर दाखवला. मग दुसरी लावली. काटा थोडा खाली आला.

"सेल जुना आहे. दोघं ओढू लागले की दाब उतरतो, प्रत्येकाला जरा कमी मिळतं. पण दोघांनाही मिळतं, आणि एकाच वेळी. आता दोन्ही लावूनच मोजा."

मोजलं. बेरीज जुळली.

पास झाल्याचं कळलं तसा घरी गेलो. वडील विहिरीपाशी मोटेचा दोर, नाडा, सांधत बसले होते. सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "आबा, म्या खानावळ सोडतो, हातानं भाकरी करून खातो. धाकट्याला याच जूनमधी शाळंत घाला. दोघांस्नीबी कमी पडंल, पर दोघंबी शिकू."

मला वाटलं होतं, खेकसतील. त्यांनी नाड्याची गाठ आवळली.

"घालू की," ते म्हणाले. "मलाबी त्यो मोटंवर बघवत न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी तिथूनच धाकट्याला हाक मारली. तो बैल घेऊन आला. ओठांवर मिसरूड फुटलं होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मी घाईघाईने सगळं सांगितलं.

"आता नगं, दादा," तो शांतपणे म्हणाला. "त्या वर्गातली पोरं माज्या कमरंएवडी. त्यांच्यात कसा बसू?"

आणि तो बैल मोटेला जुंपू लागला. वडील उठले, त्याच्या हातातला चाबूक घ्यायला त्यांनी हात पुढे केला, पण त्याने तो सोडला नाही.