मावशी तीन दिवस गप्प बसली

बसस्थानकावर बोभाटा झाला, की घोषणा करणाऱ्या बाईंनी साहेबांशी भांडून राजीनामा तोंडावर फेकला. साफ खोटं. मावशीने उभ्या जन्मात कुणावर काही फेकलं नव्हतं. गुरुवारी तिची अक्कलदाढ काढली होती, एवढंच.

बावीस वर्षं ती काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होती. आता तिथे यंत्र येणार होतं. त्यात कुणाचा आवाज भरायचा, ते सोमवारी ठरणार होतं. तो आपलाच असावा, एवढी एकच हाव तिने धरली होती. ठणकणारी दाढ त्यासाठीच आधी उपटून घेतली.

"खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलीय, ती जपा," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आज थुंकणं नाही, चूळ नाही, नळीने पिणं नाही. तीन दिवस बोलणं बंद. गुठळी निघाली तर हाड उघडं पडेल. मग सोमवार विसरा."

मावशीची भाची घरभर सगळ्यांच्या नकला करत हिंडायची. मावशीचं ते नाकातलं "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं" तर असं काढायची, की शेजारचे आजोबा पिशवी शोधू लागत.

"तू? तीन दिवस गप्प?" ती म्हणाली. "लाव पैज! हरले तर सांगशील ते करेन."

सुजल्या गालावर बर्फ धरून मावशीने अंगठा वर केला.

शुक्रवारपासून भाची कोमट मिठाचं पाणी द्यायची. मावशी ते तोंडात हळूच फिरवून बेसिनमध्ये नुसतं ओघळू द्यायची. गार दही, कुस्करलेलं केळं, डोक्याखाली दोन उशा. "निदान शिवी तरी घाल गं!" भाची डिवचायची. मावशी पाटीवर लिहायची, 'हसवू नकोस, टाके ओढतात.'

शनिवारी साहेबांचा फोन आला. भाचीने स्पीकर लावला.

"बाई, वरून घाई आहे. आत्ताच दोन ओळी म्हणा, पाठवून देतो."

"साहेब, तिची दाढ काढलीय. सोमवारी..."

"दोन ओळींनी काय मरतंय माणूस? नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत."

भाचीने फोनवर तळवा दाबला. "मी म्हणू तुझ्या आवाजात? त्याच्या बापाला कळणार नाही!"

मावशीने ओठ उघडले, जिभेने टाके चाचपले, पुन्हा मिटले. पाटीवर लिहिलं, 'उसना नको.'

साहेबांनी फोन ठेवला.

आठवड्याने टाके निघाले. "इतकी सुरेख भरलेली जखम क्वचित बघायला मिळते," डॉक्टर म्हणाले. मावशीने मान डोलावली.

परतताना दोघी स्थानकावरच्या बाकावर टेकल्या. भोंग्यातून कुणी परकी बाई बोलत होती.

"पैज हरलीस ना?" मावशी म्हणाली. "फेड आता. माझी नक्कल कर."

भाचीने श्वास भरला. "प्रवाशांनी..."

पुढे काही येईना. तिने पुन्हा करून पाहिलं. मावशी आपल्या पायांकडे बघत थांबली होती.

"राहू दे," ती शेवटी म्हणाली. "आपली गाडी लागली."