दरी आणि संत्र्याचं साल

परवा गाडीत नातीनं संत्र्याचं साल नाकाशी चुरगळलं आणि त्या वासानं मला थेट तामियाच्या घाटात नेऊन बसवलं. चाळीस वर्षं झाली त्याला. नवं लग्न, सौंसरहून भाड्याच्या जीपनं पचमढीला निघालेलो. हे पुढे ड्रायव्हरजवळ, मागे खिडकीशी सासूबाई, मधे मी, पलीकडच्या खिडकीपर्यंत सामानाचा ढीग. पहिल्याच वळणावर सासूबाईंना मळमळायला लागलं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि मी संत्री सोलसोलून साल त्यांच्या नाकाशी धरतेय.

"अवं, पाह्य ना, दरी किती खोल हाय!" हे पुढून ओरडत होते.

कशी पाहणार? दात-ओठ खात मी पुढचं संत्रं सोललं.

"येतानी खिडकीत तू बस, पोरी," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

येताना बसलेही. घाटभर धुकं!

आता सासूबाई नाहीत. पाहुणे आले की हे अजून रंगवून सांगतात, "आम्ही दोघांनी पाह्यली ते दरी. काय दिसत होती!"

दरीचं मला विचारू नका. सासूबाईंच्या अंबाड्यात किती पिना होत्या, ते विचारा.